रंग नाकारताना



ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीने १९३९ सालापासून छायालेखनासाठी दोन स्वतंत्र पुरस्कार ठेवले होते, एक रंगीत चित्रपटाला आणि एक कृष्णधवल चित्रपटाला. मधला अपवाद सोडला तर ही प्रथा १९६६ पर्यंत टिकली. त्या वर्षीचा कृष्णधवल छायालेखनाचा शेवटचा पुरस्कार ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ या चित्रपटासाठी हॅस्केल वेक्सलर यांना मिळाला आणि पुढच्या वर्षीपासून दोन्ही मिळून एकच पुरस्कार उरला. यामागे कलेचा विचार कमी आणि बाजाराचा जास्त होता. अमेरिकी वाहिन्यांचे संध्याकाळचे कार्यक्रम त्याच सुमारास रंगीत झाले होते, आणि दूरचित्रवाणीचे हक्क विकून खर्च भरून काढायचा तर चित्रपटही रंगीतच हवा होता. त्यानंतर या एकत्रित पुरस्कारावर कृष्णधवल चित्रपटाचे नाव लागायला १९९३ चा ‘शिंडलर्स लिस्ट’ यावा लागला. पुढे २०१८ चा ‘रोमा’, २०२० चा ‘मँक’. पोलंडचा ‘इडा’, अमेरिकेचे ‘द लाइटहाउस’ आणि ‘पासिंग’, आपल्याकडचा मल्याळम ‘भ्रमयुगम’ हे सगळे गेल्या दहा-बारा वर्षांतले. बाजाराने मोडीत काढलेली गोष्ट दिग्दर्शक पुन्हा पुन्हा का उचलतात, आणि रंगीत पडद्यावर वाढलेला प्रेक्षक ती पाहायला का जातो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्याकडे रंगाचे आगमन अडखळत झाले. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा खटाटोप केला, त्यासाठी थेट जर्मनी गाठली, आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ती हौस सोडली नाही. १९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ रंगीत, १९५९ चा ‘नवरंग’ तर नावापासून रंगीत. पण या दोहोंच्या मध्ये, १९५७ साली, त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ कृष्णधवल केला. रंगाची एवढी ओढ असलेल्या माणसाच्या हातून उजाड माळावरच्या सहा कैद्यांची गोष्ट रंगावाचून सांगितली गेली, हे मला नोंदवावेसे वाटते. मराठीत १९७२ च्या ‘पिंजरा’ने रंग रुजवला, तरी त्यानंतर आलेला ‘सामना’ कृष्णधवलच होता. हिंदीत मृणाल सेन यांचा १९६९ चा ‘भुवन शोम’ही तसाच. त्या काळात रंगीत फिल्म महाग होती, त्यामुळे कृष्णधवल म्हणजे हात आखडलेला निर्माता, असा हिशेब प्रेक्षकाच्या मनात पक्का बसला होता. आज तो हिशेब उलटा झाला आहे. डिजिटल कॅमेऱ्यात रंग फुकट मिळतो. तो काढून टाकल्याने एक पैसा वाचत नाही, उलट वितरक धास्तावतात. म्हणजे आज जो रंग सोडतो तो जाणूनबुजून सोडतो. नाइलाज संपल्यावरच ही निवड सुरू झाली, आणि मी बोलणार आहे ते या निवडीबद्दल.

या आकर्षणाचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे स्मरणरंजन. जुन्या चित्रपटांची आठवण येते, म्हणून लोकांना कृष्णधवल आवडते, असे म्हणतात. हे उत्तर काही चित्रपटांना लागू पडते, आणि ते मी आधीच मान्य करतो. २०११ चा ‘द आर्टिस्ट’ मूकपटांच्या प्रेमातून जन्मला. ‘मँक’मध्ये तर डेव्हिड फिंचर यांनी डिजिटल चित्रणावर रीळ बदलण्याच्या जुन्या खुणासुद्धा मुद्दाम उमटवल्या. हे देखणे अनुकरण आहे, त्याहून अधिक काही नाही. पण ‘भ्रमयुगम’चे काय करायचे? राहुल सदाशिवन यांचा हा २०२४ चा चित्रपट सतराव्या शतकातल्या मलबारमध्ये घडतो. सतराव्या शतकाचे छायाचित्र जगात कुठेच नाही, मग कोणत्या जुन्या चित्राची आठवण तो जागी करणार? ‘ला हेन’ (१९९५) पॅरिसच्या उपनगरांतल्या त्याच वर्षांच्या असंतोषाची गोष्ट सांगतो, ‘फ्रान्सेस हा’ (२०१२) न्यूयॉर्कमधल्या आजच्या तरुणीची. ‘रोमा’ची कथा १९७०-७१ च्या मेक्सिको शहरात घडते, पण त्याचे चित्र त्या काळच्या कोणत्याही चित्रपटासारखे दिसत नाही. आल्फोन्सो क्वारोन यांनी तो मोठ्या सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला. त्यात जुन्या फिल्मचे दाणे नाहीत, पुढच्या फरशीपासून मागच्या गच्चीपर्यंत सगळे लख्ख दिसते. जुन्या काळाची धूळ त्यावर मुद्दाम टाकलेली नाही. शिवाय हे चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांत रंगीत दूरचित्रवाणीनंतर, म्हणजे आपल्याकडे १९८२ नंतर, जन्मलेल्यांचा भरणा आहे. जे कधी आपले नव्हतेच त्याची हुरहूर फार काळ पुरत नाही.

मग आकर्षण कशात आहे? त्यासाठी आधी कृष्णधवल चित्र तयार कसे होते ते पाहावे लागते, कारण ‘रंग काढून टाकला’ एवढे म्हणून भागत नाही. हिरव्या पैठणीचे लाल काठ आपल्याला लांबून दिसतात ते रंगामुळे. तो हिरवा आणि तो लाल सारखाच उजळ असेल, तर कृष्णधवल चित्रात काठ पदरात विरघळून जातो आणि उरते एक सलग करडे कापड. म्हणजे रंगीत चित्रात वस्तू एकमेकींपासून वेगळ्या करण्याचे जे काम रंग आपोआप करतो, ते इथे छायालेखकाला उजेडाने करावे लागते. माणसाचा खांदा मागच्या भिंतीपासून सुटा दिसायला हवा तर मागून उजेड द्या, नाहीतर भिंत काळवंडू द्या. व्ही. के. मूर्तींनी ‘कागज के फूल’मध्ये स्टुडिओच्या अंधारात सोडलेला तो उजेडाचा झोत, किंवा सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’साठी पांढऱ्या कापडावरून परतवून घेतलेला मऊ प्रकाश, हे दोन्ही या एकाच अडचणीतून निघालेले शहाणपण आहे. कोणता रंग किती करडा दिसावा हेही ठरवता येते. भिंगापुढे लाल काच लावली की निळे आकाश काळपट होते. ‘द लाइटहाउस’मध्ये रॉबर्ट एगर्स आणि त्यांचे छायालेखक जॅरिन ब्लॅश्के यांनी उलटे केले. लाल प्रकाश अडवणारी खास काच वापरून त्यांनी फिल्मला आरंभीच्या काळातल्या, लाल रंग न ओळखणाऱ्या फिल्मसारखे आंधळे केले. त्वचेतला तांबूसपणा त्यामुळे गडद उमटतो. सुरकुत्या, डाग, फुटलेल्या शिरा वर येतात आणि दोन दीपगृहरक्षकांचे चेहरे खडकासारखे खरबरीत दिसतात. ‘गुड नाइट, अँड गुड लक’ (२००५) साठी सेटच करड्या रंगांत उभारले होते. हे सगळे निर्णय चित्रीकरणाआधी घ्यावे लागतात. चांगला कृष्णधवल चित्रपट म्हणजे रंगीत चित्रपटातून काहीतरी गळून पडलेले रूप नसते, त्याची वीण पहिल्या धाग्यापासूनच वेगळी असते.

आता माझे मुख्य म्हणणे मांडतो. रंग निकाल पटकन लावतो. रक्त लाल दिसले की घाव किती खोल ते कळले. कातडीचा वर्ण दिसला की माणूस कुठला ते ठरले. झाडी हिरवीगार दिसली की जागा रम्य ठरली, आणि झेंड्याचा रंग दिसला की माणूस कोणाचा हे विचारायचीही गरज उरली नाही. डोळा हे निवाडे इतक्या लवकर करतो की आपण निवाडा केला हेही लक्षात येत नाही. कृष्णधवल चित्र हा निकाल लांबवते. प्रेक्षकाला चेहरा, पोत, अंतर, हालचाल यांच्यावरून पुन्हा पाहावे लागते. हे लांबलेले पाहणेच आधुनिक कृष्णधवल चित्रपटाचे आकर्षण आहे, असे मला वाटते.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे रेबेका हॉल यांचा २०२१ चा ‘पासिंग’. नेला लार्सन यांच्या १९२९ च्या कादंबरीवर तो बेतला आहे. न्यूयॉर्कमधल्या दोन मैत्रिणी, दोघीही कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या, दोघीही उजळ वर्णाच्या. एक हार्लेममध्ये आपल्या समाजात राहते. दुसरी गोरी म्हणून जगते, आणि तिचा वर्णद्वेष्टा नवरा तिला गोरीच समजतो. हा चित्रपट रंगीत असता तर प्रेक्षकाने पहिल्या पाच मिनिटांत तपासनीसाचे काम सुरू केले असते. ही खरेच गोरी दिसते का, हिचे सोंग इतकी वर्षे खपले कसे, अशी शहानिशा त्वचेच्या रंगावरून झाली असती आणि कथेचा प्राण तिथेच गेला असता. करड्या चित्रात मात्र पडद्यावर गोरे कोणी नाही आणि काळेही कोणी नाही. आहेत त्या करड्याच्या पायऱ्या, आणि त्याही उजेडाबरोबर बदलणाऱ्या. उन्हात उभी असलेली एक बाई फिकट दिसते, तीच जिन्याच्या सावलीत आली की गडद होते. ज्या समाजाने माणसे दोन रकान्यांत टाकली, त्याच्या दृष्टीतला खोटेपणा हा चित्रपट संवादांतून सांगत बसत नाही. छायालेखक एडू ग्राउ यांची प्रकाशयोजना ते काम करते. या चित्रपटापुरते तरी कृष्णधवल ही शैली उरत नाही, तोच त्याचा युक्तिवाद होतो.

सिरो गेरा यांच्या ‘एम्ब्रेस ऑफ द सर्पंट’ (२०१५) मध्ये ॲमेझॉनचे जंगल आहे आणि हिरवा रंग नाही. ऐकायला हा वेडेपणा वाटतो. पण पर्यटन खात्यांनी आणि निसर्गपटांनी तो हिरवा इतका वापरला आहे की तो दिसताच आपण सहलीला आल्यासारखे पाहू लागतो. हिरवा काढल्यावर पाण्याची चकाकी, साली, पाने आणि माणसांची उघडी अंगे एकाच पोताची होतात. जंगल मागचा पडदा राहत नाही. शेवटाकडे, एका दृष्टान्ताच्या वेळी, थोडा वेळ रंग येतो, तेव्हा तो खरोखर दुसऱ्या जगातून आल्यासारखा वाटतो. स्कॉर्सेसी यांच्या ‘रेजिंग बुल’ (१९८०) मध्ये मुष्टियुद्धाच्या रिंगणात उडणारे रक्त काळे आहे, म्हणून ते किळस आणण्याऐवजी हालचालीचा भाग होते. (तिथले घरगुती चित्रफितीचे तुकडे तेवढे रंगीत आहेत, आणि त्यांतले सुखच कृत्रिम वाटते.) उलट बाजूनेही हेच सिद्ध होते. ‘शिंडलर्स लिस्ट’मधल्या लहान मुलीचा कोट लाल केला आहे तो आपली नजर तिथेच खिळावी म्हणून. निकाल ताबडतोब लावायची वेळ आली तेव्हा स्पीलबर्ग यांनी रंगालाच हाक मारली. मला ती जागा थोडी जास्त बोलकी वाटते, पण रंगाचे काम काय असते ते ती उघड करते.

पुण्याशी जोडलेले एक उदाहरण घेतो. पायल कपाडिया यांचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ हा माहितीपट २०२१ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाच्या ‘सोनेरी डोळा’ पुरस्काराचा मानकरी ठरला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला २०१५ चा १३९ दिवसांचा संप त्याच्या मध्यभागी आहे, आणि एका विद्यार्थिनीने दूर गेलेल्या प्रियकराला लिहिलेल्या पत्रांच्या धाग्यात तो ओवला आहे. चित्रपट बहुतांशी कृष्णधवल आहे. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या साधनांनी टिपलेली दृश्ये त्यात आहेत. रंगीत ठेवली असती तर प्रत्येक तुकड्याची जात वेगळी दिसली असती. करड्याने ती एका रात्रीत आणून बसवली. पण याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या देशातल्या कोणत्याही मोर्चाचे चित्र आपण आधी रंगाने वाचतो. भगवा, हिरवा, निळा, लाल दिसला की घोषणा ऐकण्याआधीच आपले मत तयार असते. या चित्रपटात ती सोय बरीचशी काढून घेतली आहे, त्यामुळे बोलणाऱ्या मुलीचा चेहरा पाहावा लागतो आणि ती काय म्हणते ते ऐकावे लागते. रंगांवरून माणसे ओळखणाऱ्या समाजात कृष्णधवलचे एवढे राजकीय काम दुसऱ्या कोणत्या चित्रपटाने केल्याचे मला आठवत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा की कृष्णधवल हीच आता एक खूण झाली आहे आणि ती निकाल लांबवण्याऐवजी लवकर लावते. मालिकेत चित्र करडे झाले की पूर्वस्मृती, जाहिरातीत झाले की उच्च अभिरुची, महोत्सवात झाले की गांभीर्य. हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर एखादा चित्रपटच देऊ शकतो. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘ओपेनहायमर’ (२०२३) मध्ये रंगीत भाग ओपेनहायमरच्या स्वतःच्या अनुभवाचे आहेत. पटकथेत ते प्रथमपुरुषी लिहिले होते. कृष्णधवल भाग लुईस स्ट्रॉस या अधिकाऱ्याच्या बाजूचे आहेत, आणि त्यासाठी कोडॅकने ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म प्रथमच तयार करून दिली. वृत्तपट आणि जुन्या सुनावण्यांच्या सवयीने प्रेक्षक त्या करड्या भागाला तटस्थ कागदपत्र मानून बसतो. मग हळूहळू कळते की हे कागदपत्र एका दुखावलेल्या माणसाच्या आकसातून उभे राहिले आहे. म्हणजे खूण रूढ झाली असली तरी ती उलटवता येते, आणि उलटवताना प्रेक्षकाला आपल्याच विश्वासाकडे पाहावे लागते. जाहिरातींना मात्र यातून सूट नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञ घेतात. आज एका बटनाने रंग जातो, मग यात कसली कला? ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’, ‘लोगन’, ‘पॅरासाइट’ यांच्या कृष्णधवल आवृत्त्या मागाहून निघाल्याच. मला यांतली ‘फ्युरी रोड’ची आवृत्ती पटते, कारण तो चित्रपट मुळातच वाळूवरच्या आकृत्या आणि वेग यांवर रचलेला आहे, रंग गेला तरी सांगाडा उभा राहतो. ‘पॅरासाइट’ची आवृत्ती देखणी आहे, पण चित्रपटाबद्दल नवे काही सांगत नाही. दुसरीकडे, शुद्धतावाद्यांनी हेही लक्षात घ्यावे की ‘ला हेन’, ‘द व्हाइट रिबन’ आणि ‘द आर्टिस्ट’ रंगीतच चित्रित होऊन नंतर कृष्णधवल झाले, आणि ‘रोमा’चेही तेच. फिल्म कोणती होती हा प्रश्न गौण आहे. दिवा लावताना आणि कपडे निवडताना करडा डोळ्यांसमोर होता की नाही, हा खरा प्रश्न. आपल्याकडची उलटी वाहतूकही याच कसोटीवर तपासता येते. ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली रंगवला गेला तेव्हा मला त्यात फारसा अपराध दिसला नाही, कारण के. आसिफ यांनी त्याचे काही भाग १९६० सालीच रंगीत केले होते आणि त्यांना अधिक रंग हवा होता. ‘नया दौर’ किंवा ‘हम दोनो’ रंगवण्याला असा आधार कुठून आणायचा?

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. करड्या चित्रात दारिद्र्य सुंदर दिसते. घाण, गळके छप्पर, मळके कपडे यांचा ओंगळपणा रंगाबरोबर जातो आणि उरतो तो मोहक पोत. ‘रोमा’तली क्लेओ ही घरकाम करणारी आदिवासी मुलगी, पहिल्या दृश्यात ती कुत्र्याची घाण धुते, आणि ओल्या फरशीवर आकाश व विमान उमटते. हे दृश्य विलक्षण आहे, पण तिच्या श्रमाचे काय झाले, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. माझ्या मांडणीतून याचे अर्धे उत्तर मिळते. गरिबी रंगातही पटकन निकाली निघते, दया किंवा तिटकारा यांपैकी एका खुंटीला ती अडकवली जाते. करड्यात क्लेओकडे त्यापेक्षा जास्त वेळ पाहावे लागते. पण वेळ मिळाला म्हणजे नजर न्याय्य झाली असे नाही. पोहता न येणारी क्लेओ मुलांसाठी समुद्रात शिरते तेव्हा कॅमेरा आडवा सरकत तिच्या बरोबरीने लाटांत जातो, तिला अंगणातल्यासारखा दुरून न्याहाळत नाही. तिथे चित्रपट आपली देणी फेडतो. इतरत्र काही ठिकाणी ती थकलेली राहतात.

मराठी दिग्दर्शकाने उद्या हा मार्ग धरायचा ठरवला तर अडचण सौंदर्यशास्त्राची येणार नाही. वेशभूषाकाराने कापड करड्यात तपासून घ्यावे, मॉनिटर पहिल्या दिवसापासून कृष्णधवल ठेवावा, हे कोणताही चांगला छायालेखक सांगेल. अडचण करारात येईल. अलेक्झांडर पेन यांनी ‘नेब्रास्का’ (२०१३) हट्टाने कृष्णधवल केला, तरी स्टुडिओला रंगीत आवृत्तीही तयार करून द्यावी लागली आणि ती पुढे एका अमेरिकी वाहिनीवरून दाखवली गेली. वाहिन्या आणि ओटीटी मंचांच्या भरवशावर चालणाऱ्या मराठी निर्मात्यापुढेही तसेच कलम ठेवले जाईल. चित्रीकरण नेहमीच्या रंगीत डिजिटल कॅमेऱ्यावर असेल तर रंगीत मूळ प्रत संगणकात शिल्लक असतेच, आणि ती मागणारा कोणी ना कोणी निघतोच. ‘भ्रमयुगम’ मात्र मामूटींसारखा मोठा नट घेऊन, कृष्णधवल रूपातच चित्रपटगृहांत लागला आणि चालला. मल्याळम निर्मात्यांना हे कसे साधले, हे आपल्या निर्मात्यांनी त्यांनाच जाऊन विचारावे.